व्यसनमुक्ती केंद्राचा ‘सक्सेस रेट’ खरा कसा काढायचा: वर्षभराच्या पाठपुराव्याची पद्धत, पायरीपायरीने

माहितीपत्रकावर ‘८० टक्के रुग्ण व्यसनमुक्त’ असं छापलेलं दिसलं, की एकच प्रश्न विचारावा: कोणाचे ८० टक्के? दाखल झालेल्यांचे, कोर्स पूर्ण केलेल्यांचे, की वर्षानंतर ज्यांनी फोन उचलला त्यांचे? बहुतेक ठिकाणी उत्तर तिसरं असतं. मुद्दाम कोणी फसवत नाही. मार्चअखेरीला अहवाल द्यायचा असतो, दोन कार्यकर्ते रजिस्टर घेऊन बसतात, नंबर लावत जातात, लागलेल्यांना ‘काय, बरं चाललंय ना?’ विचारतात आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांची बेरीज करतात. ज्याची पुन्हा सुरू झाली आहे त्याचा फोन बंद असतो किंवा विकलेला असतो, त्यामुळे तो हिशेबातून आपोआप गळतो.

वर्षानंतरचा आकडा खरा हवा असेल तर त्याची तयारी रुग्ण वॉर्डात असतानाच करावी लागते. पुढची पद्धत निवासी केंद्रांना धरून लिहिली आहे. उदाहरणं मुख्यतः दारूची आहेत. ब्राउन शुगर आणि तत्सम पदार्थांसाठी जिथे वेगळं करायचं, तिथे तसं सांगितलं आहे.

## १. ‘यश’ कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवा

‘प्यायला की नाही प्यायला’ एवढंच विचारलं तर काय होतं पाहा. एकजण गटारीला प्यायला, दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून ग्रुपला परत आला आणि वर्षभर सोबर राहिला. दुसऱ्याची डिस्चार्जनंतर दुसऱ्याच महिन्यात रोजची सुरू झाली. हो-नाहीच्या रकान्यात दोघांची नोंद एकच: ‘रीलॅप्स’, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे. पहिल्याच्या घरात वर्षभर काय बदललं, ते त्या रकान्यात कुठेच येत नाही.

म्हणून निदान चार गोष्टी मोजा. गेल्या ९० दिवसांत किती दिवस थेंबही घेतली नाही. किती दिवस जड पिणं झालं. उपचारांशी, म्हणजे ग्रुप, समुपदेशक किंवा गोळ्यांशी, संबंध टिकला का. आणि आयुष्याचं काय: कामाचे दिवस, घरातली मारहाण, कर्ज, दवाखान्यातली भरती. पाचवी गोष्ट विचारायची नसते, नोंदवायची असते: माणूस जिवंत आहे का.

‘जड’ म्हणजे किती, हेही ठरवा. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात जाणं जड पिणं मानते. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रममध्ये ३० मिलिच्या पेगात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे १८० मिलिची एक क्वार्टर संपली की ही रेघ गाठली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम असतं. ‘आता फक्त बिअर घेतो’ असं कोणी सांगितलं, तर किती बाटल्या ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सावधान: ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांच्या रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे त्या पदार्थांऐवजी डॉक्टर देतात त्या, गोळ्या चालू असतील तर तो ‘अजून गोळ्यांवरच आहे’ म्हणून त्याला अपयशात टाकू नका. या उपचारात टिकून राहणं हेच यशाचं मोठं माप आहे. गोळ्या मध्येच सुटल्या आणि पूर्वीइतकीच ब्राउन शुगर घेतली, तर शरीराची सवय मोडलेली असल्यामुळे माणूस दगावू शकतो.

तपासा: या व्याख्या एका पानावर लिहिल्या का? त्यावर तारीख घातली का? वर्षाच्या शेवटी आकडे पाहून व्याख्या बदलायची नाही.

## २. यादी दाखल्याच्या दिवशी बनते

ठरलेल्या काळात, समजा १ एप्रिल ते ३१ मार्च, दाखल झालेला प्रत्येक माणूस यादीत येतो. तिसऱ्या दिवशी भांडून निघून गेलेला आणि घरच्यांनी मध्येच नेलेलाही येतो. हे लोक वगळले की केंद्राची सगळ्यात दुखरी बाजूच झाकली जाते, कारण माणसं मध्येच का जातात याचं उत्तर अनेकदा केंद्राच्या वागणुकीत असतं.

दाखले मोजू नका, माणसं मोजा. वर्षात तीनदा आलेला माणूस एकच, आणि त्याचं घड्याळ पहिल्या दाखल्याच्या डिस्चार्जपासून चालू. बाकीचे दोन दाखले हा त्याच्या पाठपुराव्यातला निकाल आहे.

## ३. सुरुवातीची नोंद: घाई नको, उशीरही नको

दाखल झाल्यावर पहिले काही दिवस विड्रॉवलचे, म्हणजे दारू तुटल्याच्या त्रासाचे असतात. हात थरथरतात, झोप नसते, काहींना भास होतात. त्या अवस्थेत घेतलेली माहिती कामाची नसते. डॉक्टरांनी ‘आता स्थिर आहे’ म्हटल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात, निवांत तासभर बसा.

‘ऑडिट’ ही जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची प्रश्नावली इथे भरून घ्या. गुण ० ते ४०, आणि २० किंवा त्याहून जास्त आले तर अवलंबित्वाची दाट शक्यता. मात्र तिचे बरेचसे प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल असतात. तीन महिन्यांनी तीच पुन्हा भरून ‘गुण कमी झाले’ म्हणणं चूक आहे, कारण त्यात उपचाराआधीचेही महिने मिसळलेले असतात.

बदल मोजायला दिवसांचा हिशेब लागतो. त्यासाठी लिंडा आणि मार्क सोबेल या संशोधक दांपत्याने विकसित केलेली कॅलेंडरची पद्धत जगभर वापरतात, आणि ती आपल्याकडे फार छान चालते. करायचं असं:

भिंतीवरचं साधं तिथी-वारांचं कॅलेंडर दोघांच्या मध्ये ठेवा. दाखल्याच्या आधीचे ९० दिवस पेन्सिलीने आखा. दारूचं नावही काढायच्या आधी त्या काळातल्या ठळक गोष्टी भरा: पगार कधी झाला, गावचा बाजार कोणत्या वारी, जत्रा, लग्न, मयत, पोराची परीक्षा, बायको माहेरी गेली ते दिवस. मग दाखल्याच्या दिवसापासून मागे मागे जा.

‘रोज एक क्वार्टर’ हे उत्तर ठरलेलं असतं. विचारा, ‘श्रावणात?’ पुष्कळजण म्हणतात, ‘श्रावण पाळतो ना, महिनाभर हात लावत नाही.’ ‘आणि गणपती घरी असताना?’ ‘नाही नाही, गणपती बसलेले असताना नाही.’ झालं, ९० पैकी ४० दिवस तिथेच कोरडे निघाले. पगाराच्या आठवड्यात एकाच्या दोन क्वार्टर होतात, तेही याच वेळी कळतं. ‘रोज’ या शब्दावर थांबला असतात तर सुरुवातच चुकली असती, आणि वर्षानंतरची सुधारणा आहे त्यापेक्षा मोठी दिसली असती.

प्रत्येक चौकोनात एकच खूण: कोरडा, कमी, जड. शिवाय एक चौथी खूण ठेवा, दारू मिळणं शक्यच नव्हतं अशा दिवसांची: दवाखाना, दुसरं केंद्र, तुरुंग. हे दिवस हिशेबातून वेगळे काढायचे. ९० पैकी ४० दिवस दुसऱ्या केंद्रात गेले आणि उरलेल्या ५० पैकी २५ दिवस प्यायला, तर तो निम्मे दिवस सोबर होता. सगळे ९० धरले तर ७२ टक्के सोबर दिसतो, आणि ते खोटं आहे.

तपासा: तंबाखू, गुटखा, गांजा, झोपेच्या गोळ्या यांची वेगळी नोंद झाली का? दारू सुटली आणि गोळ्या वाढल्या, हे पुढे ओळखायचं तर आजचा आकडा हवा.

## ४. संपर्कपत्रक: सगळी मोजणी यावर उभी आहे

सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. फॉर्मवर एक मोबाइल नंबर आणि ‘मु. पो.’ एवढं लिहिलं की झालं, असं वाटतं. हा नंबर वर्षभर टिकत नाही.

लिहून घ्यायचं ते असं: पाळण्यातलं नाव आणि गावात ज्या नावाने हाक मारतात ते. घराची खूण, म्हणजे कोणत्या देवळामागे, कोणत्या पिठाच्या गिरणीशेजारी. वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या तीन माणसांचे नंबर. त्यातली एक शक्यतो आई किंवा बहीण असावी, कारण बायको माहेरी गेली तर तिच्याबरोबर तो दुवाही तुटतो. कामासाठी कुठे आणि कोणत्या महिन्यात जातो. बीडकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास निघाला की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावात नसतो. त्याला डिस्चार्जनंतर सहा महिन्यांनी करायचा फोन त्या काळात येत असेल तर कारखान्याचं ठिकाण आत्ताच विचारा.

मग रुग्ण केंद्रात असतानाच ते तिन्ही नंबर लावून पाहा. डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांनी एक फोन करा, काहीही मोजायला नाही, फक्त खुशाली विचारायला आणि नंबर चालू आहे ना ते बघायला. त्यानंतर दर महिन्याला एक. अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या दारूच्या उपचारांवरच्या मोठ्या अभ्यासात १,७२६ रुग्ण होते आणि वर्षानंतरही ९० टक्क्यांहून अधिक लोकांची माहिती मिळवली गेली. तेवढं मनुष्यबळ आपल्याकडे नाही, तरी निम्म्याहून जास्त लोक हरवतात ते बहुतेक वेळा पत्रक अर्धवट भरल्यामुळे.

सावधान: केंद्राच्या नंबरवरून फोन केला की समोरच्याच्या स्क्रीनवर ट्रूकॉलर ‘व्यसनमुक्ती केंद्र’ असं नाव दाखवू शकतो. मुकादमासमोर, सासऱ्यांसमोर, दुकानात. पाठपुराव्यासाठी वेगळा नंबर घ्या, व्हॉट्सॲपच्या फोटोत केंद्राचा फलक ठेवू नका, आणि दुसऱ्या कोणी फोन उचलला तर फक्त स्वतःचं नाव सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाच्या रुग्णालाही लागू आहे आणि त्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

## ५. संमती दुसऱ्या आठवड्यात, आणि वेगळ्या कागदावर

दाखल्याच्या गठ्ठ्यात चौथ्या पानावर घेतलेली सही ही संमती नव्हे. माणूस शुद्धीवर आणि शांत असताना समजावून सांगा: आम्ही तुम्हाला कधी फोन करू, कोणाकोणाला विचारू, काय विचारू, ते कोणाला सांगणार नाही, आणि नाही म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही. घरच्यांशी बोलायची परवानगी वेगळी घ्या. काही लोक म्हणतात, ‘आईला विचारा, भावाला नको.’ ते जसंच्या तसं लिहा.

## ६. वेळापत्रक

डिस्चार्जनंतर ३, ६ आणि १२ महिने. जमलं तर दुसऱ्या आणि पाचव्या वर्षाअखेर. प्रत्येक वेळेला मागे-पुढे दोन आठवड्यांची मुभा ठेवा, त्यापलीकडची माहिती त्या टप्प्यात धरू नका. जे मध्येच गेले त्यांचं घड्याळ ते गेले त्या दिवसापासून.

पहिले तीन महिने सगळ्यात निसरडे. घसरणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच काळात घसरतात, हे १९७१ पासून वेगवेगळ्या व्यसनांच्या अभ्यासांत दिसत आलं आहे. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशीचं ‘१०० टक्के सोबर’ किंवा महिन्यानंतरचा आकडा ‘दीर्घकालीन’ म्हणून छापू नका. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निकषांतही १२ महिने लक्षणमुक्त गेल्याशिवाय टिकाऊ सुधारणा म्हणत नाहीत.

श्रावण इथेही फसवतो. ‘गेल्या महिन्यात प्यायलात का?’ हा प्रश्न श्रावण संपता संपता विचारला तर केंद्र चमकतं, गटारीनंतर लगेच विचारला तर कोसळतं. ९० दिवसांची खिडकी यासाठीच, आणि वर्षभर दाखल झालेले सगळे लोक घेतले की सणांचा परिणाम आपोआप वाटला जातो.

## ७. प्रत्यक्ष विचारणं

ज्या समुपदेशकाने उपचार केले त्याने हा फोन करू नये. ‘सरांना वाईट वाटेल’ म्हणून माणूस खोटं बोलतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. दुसऱ्या कोणाला शिकवून तयार करा, आणि त्याने प्रत्येकाला त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारावं.

सुरुवात ‘प्यायलात तरी ओरडणार नाही, आम्हाला आमचं काम तपासायचं आहे’ इथून करा. मग कॅलेंडर, आधीसारखंच. ‘पीत नाही ना आता?’ असा प्रश्न कधीही नको, त्यात उत्तर आधीच दिलेलं असतं. फोनवर हे वीस मिनिटांत होतं, घरी गेलात तर जास्त वेळ धरा.

घरच्यांना वेगळं विचारा आणि दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा. जुळली नाहीत तर मोजताना जे उत्तर जास्त पिणं दाखवतं ते धरा.

सावधान: बायकोने सांगितलेलं नवऱ्यासमोर कधीही उघड करू नका. ‘वहिनी तर म्हणत होत्या...’ एवढ्या एका वाक्यावर त्या रात्री तिला मार पडू शकतो. ती बोलताना नवरा घरात आहे असं जाणवलं, तर विषय बदला आणि तिला सोयीची वेळ विचारा.

सावधान: फोनवर कोणी मरणाची भाषा केली तर प्रश्नावली बाजूला ठेवा. फोन तोडू नका, घरातलं दुसरं माणूस जवळ बोलवायला सांगा, केंद्राच्या डॉक्टरांना कळवा. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालते. हे सगळं फोन करणाऱ्याच्या टेबलावर छापून चिकटवलेलं असावं.

## ८. रक्त-लघवीच्या तपासण्या: आधार म्हणून, न्यायाधीश म्हणून नव्हे

श्वासाची तपासणी काही तासांपुरतंच सांगते. लघवीत अफूजन्य पदार्थ साधारण दोन-तीन दिवस सापडतात, रोज ओढणाऱ्याचा गांजा महिनाभरही दिसू शकतो. रक्तातलं जीजीटी (यकृताशी संबंधित एक विकर) दारू थांबल्यावर काही आठवड्यांत उतरतं, पण यकृतावर चरबी असली किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असल्या तर दारूशिवायही वाढलेलं राहतं. परवडत असेल तर प्रत्येक टप्प्यावर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या थोड्या लोकांची तपासणी करा आणि सांगितलेलं व सापडलेलं किती जुळतं ते पाहा. संशय आलेल्यांचीच तपासणी केली तर विश्वास जातो आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही.

## ९. हिशेब

समजण्यापुरतं एक काल्पनिक उदाहरण. वर्षात १२० दाखल झाले, ९६ जणांनी कोर्स पूर्ण केला. वर्षानंतर ५० जण बोलले, त्यातले ३५ शेवटच्या ९० दिवसांत प्यायले नव्हते. चौघे वारल्याचं कळलं. ६६ जण सापडले नाहीत किंवा बोलले नाहीत.

बोललेल्यांत ३५, म्हणजे ७० टक्के. कोर्स पूर्ण केलेल्यांत ३६ टक्के. दाखल झालेल्यांत २९ टक्के. माहितीपत्रकावर ७० जातं, अहवालात मात्र २९ पहिल्यांदा यायला हवं. न सापडलेले सगळेच पीत असतील असं नाही, म्हणून वरची मर्यादाही सांगा: ते ६६ जण सगळे सोबर निघाले तर ८४ टक्के. २९ ते ८४ ही प्रचंड दरी पाहिली की पाठपुराव्याची किंमत कळते.

ती दरी कमी करायचा स्वस्त मार्ग आहे. ६६ मधून चिठ्ठ्या टाकून २० नावं काढा आणि त्या २० जणांसाठी जीव तोडून प्रयत्न करा: गावी जा, आईला भेटा, ग्रुपमधल्या जुन्या सोबत्याला विचारा, पण संमतीच्या मर्यादेत. ज्यांनी बोलायला स्पष्ट नकार दिला आहे त्यांच्या दारात जाऊ नका. समजा २० पैकी ४ सोबर निघाले. म्हणजे ६६ मध्ये अंदाजे १३. आता ३५ आणि १३ मिळून ४८, म्हणजे १२० चे ४० टक्के. हा आकडा सगळ्यांच्या मागे अर्धवट धावून मिळालेल्या आकड्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

आणखी तीन चुका टाळा. मृतांना यादीतून काढू नका. ते भाजकात राहतात, आणि मृत्यूचं कारण वेगळं लिहा. दारू, ब्राउन शुगर, गांजा यांचे आकडे एकत्र करू नका. आणि गटात बारा-पंधराच माणसं असतील, उदाहरणार्थ स्त्रिया, तर टक्के न लिहिता ‘१२ पैकी ५’ असं लिहा.

तपासा: मागच्या वर्षी २९ आणि यंदा ३३ टक्के आले तर पेढे वाटायची घाई नको. १२० माणसांत २९ टक्क्यांचा अर्थ योगायोगाची मुभा धरून साधारण २१ ते ३७ असा होतो. दोन्ही वर्षं त्याच पट्ट्यात आहेत.

## १०. ‘आमच्यामुळे’ म्हणण्याआधी

माणूस केंद्रात येतो तो आयुष्याच्या सगळ्यात वाईट काळात: नोकरी गेलेली, यकृत सुजलेलं, बायको निघून गेलेली. त्या टोकावरून काही जण उपचारांशिवायही थोडे सावरतात. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला सगळा फरक केंद्राच्या नावावर मांडता येत नाही. तुलनेसाठी कोणाचे उपचार अडवून ठेवणं अमानुष आहे, ते करायचंच नाही. दोन चांगल्या पर्यायांची तुलना मात्र करता येते: डिस्चार्जनंतर निम्म्यांना आठवड्याला फोन, निम्म्यांना महिन्याला, कोणाला काय ते चिठ्ठीने. यासाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णांची संमती आधी घ्या. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाशी किंवा समाजकार्य महाविद्यालयाशी बोला, त्यांच्या विद्यार्थ्यांना असं काम हवं असतं.

## ११. अहवालातलं वाक्य

पहिलं वाक्य असं असावं: ‘अमुक वर्षात दाखल झालेल्या १२० जणांपैकी ५० जणांशी वर्षानंतर बोलणं झालं. ३५ जण शेवटच्या ९० दिवसांत प्यायले नव्हते, चौघांचा मृत्यू झाला, ६६ जणांची माहिती मिळाली नाही.’ टक्के त्याखाली. व्याख्येचं पान शेवटी जोडा. रुग्णांचे फोटो आणि अनुभवकथन या अहवालात नको, लहान गावात नाव न देताही माणूस ओळखला जातो.

देणगीदार २९ टक्के पाहून नाराज होतील ही भीती मी समजू शकतो. त्यांना सांगा, की उपचारांनंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात असं २००० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातल्या एका प्रसिद्ध आढाव्यात मांडलं होतं, आणि रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषधं सोडून पुन्हा आजारी पडतात त्याच्याशी त्याची तुलना केली होती. जे केंद्र न सापडलेल्यांसकट सगळे मोजतं, त्याचा आकडा शेजारच्या केंद्राच्या ८० टक्क्यांपेक्षा कमीच येणार.

अहवाल झाला की ६६ जणांची यादी पुन्हा समोर घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहा: संपर्क कोणत्या महिन्यात तुटला, शेवटचं कोण बोललं, पत्रकात काय भरायचं राहिलं होतं. बहुतेकांचा संपर्क दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तुटलेला दिसला, तर येत्या एप्रिलपासून त्या दोन महिन्यांत महिन्याऐवजी दर आठवड्याला फोन ठेवा आणि त्यासाठी एका माणसाचे तास आत्ताच राखून ठेवा.